लंगोट न बांधलेल्यांच्या बाजूने

अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी होऊन गेली, पण तिच्यावरून सुरू झालेली शिकवणी काही संपत नाही. २ फेब्रुवारी २०२५ च्या त्या संध्याकाळी गादी विभागाच्या कुस्तीत शिवराज राक्षे चीत झाल्याचा निकाल पंचांनी दिला. राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना आखाडा सोडून चालता झाला आणि गदा पृथ्वीराज मोहोळच्या खांद्यावर गेली. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. इथवरचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर खापर फोडायला डोकं शोधणं सुरू झालं, आणि सापडलं ते आमचं. शौकिनांचं.

तेव्हापासून तालमीच्या ओट्यावर, सत्काराच्या भाषणात, जाणत्यांच्या बैठकीत एकच सूर ऐकू येतो. चहाच्या टपरीवर बसून ‘आज अमका मारणार’ म्हणत आदल्या दिवशीच निकाल लावणारे, मोबाइलवर चार डाव बघून वस्ताद झालेले, आयुष्यात कधी लंगोट न बांधलेले लोक पैलवानांची डोकी फिरवतात. पंचांवर दबाव आणतात. तालमीतालमीत नि जिल्ह्याजिल्ह्यांत तेढ लावतात. त्यांनी मैदानाला यावं, टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावं.

मी मेढ्यात राहतो आणि मी त्या टपरीवाल्यांपैकी आहे. ज्याने उभ्या जन्मात एक सपाटी नीट मारली नाही असा. तरी बोलणार.

आधी हे भाकीत नावाचं प्रकरण काय असतं ते तरी बघू. टीकाकारांना वाटतं, आम्ही नावं बघून बोलतो. कोल्हापूरचा म्हणून कोल्हापूर, सोलापूरचा म्हणून सोलापूर. तसे लोक आहेत. ते मैदानाच्या वरच्या अंगाला उभे राहून शिट्ट्या मारतात. पण हौद्याच्या कडेला मांडी घालून बसलेला म्हातारा निराळा असतो. केळघर खोऱ्यातल्या एका यात्रेच्या फडात असाच एक माझ्या शेजारी होता. मधल्या इनामाची जोड लागली, विशीतली दोन पोरं हौद्यात उतरली, अजून हातसुद्धा लागले नव्हते तोवर हा म्हणाला, काळ्या लांगेचा तिसऱ्या मिनिटाला पडणार. कशावरून? म्हणाला, ‘तोंडानं श्वास घेतोय. अजून सलामी व्हायचीय आन ह्याचा भाता हलाय लागलाय. दुसरं म्हंजी उजवा पाय मागं ठेवून उभा ऱ्हातोय, पर माघारी सरताना पयला डावा उचलतोय. त्याच पायाला एकेरी पट बसणार.’ मी पोराच्या पायाकडे बघत राहिलो. खरंच होतं. खडाखडीत दर वेळी मागे सरताना त्याचा डावा पाय आधी सुटायचा आणि तेवढा क्षण सगळा भार एका पायावर यायचा. पोरगा पडला. तिसऱ्या नाही, चौथ्या मिनिटाला, आणि पटाने नाही, घिश्शावर. म्हातारा चिडला. आपण म्हणालो तो पोरगा पडला याचं त्याला काही नव्हतं. समोरच्याने पट का काढला नाही, एवढा उघडा पाय दिसत असून घिश्शाला का गेला, यावर पुढच्या दोन जोडी सुटेपर्यंत त्याचं चाललं होतं. पटका उडवून नाचणाऱ्यांकडे त्याने मान वर करूनही बघितलं नाही.

याला तुम्ही रिकामटेकडेपणा म्हणता. मी म्हणतो, त्या दिवशी त्या मैदानात कुस्ती सर्वांत बारकाईने पाहणारा माणूस तो होता. भाकीत केलं होतं म्हणूनच पाहत होता. आधी जीभ टाळ्याला लावून बसलेल्याला काहीही झालं तरी चालतं. ज्याने तोंडातून शब्द काढलाय त्याला प्रत्येक पवित्र्याचा हिशेब ठेवावा लागतो, कारण पाच मिनिटांनी त्याला चारचौघांत तोंड दाखवायचं असतं.

आणि याच बारीक नजरेचा कुस्तीला झालेला फायदा टीकाकार सोयीने विसरतात. नुरा कुस्ती पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात येते? पंचांच्या? संयोजकांच्या? ज्याने दोघांच्या मागच्या कुस्त्या पाहिल्यात, कोण कुठल्या अंगाने शिरतो हे ज्याला पाठ आहे, त्याला पहिल्या मिनिटात वास येतो. नेहमी कब्जा सोडत नाही तो आज सोडतोय, नेहमी मानेवर वजन टाकतो तो आज नुसता हात ठेवून आहे. मग कडेने ‘कुस्ती करा, कुस्ती करा’ असा गलका होतो, आणि कमिटीला एक तर निकाल लावून घ्यावा लागतो किंवा इनाम कापावं लागतं. आमच्याकडच्या फडातली शिस्त या गलक्याने राखली आहे. तो गप्प केलात तर ठरवून सुटणाऱ्या कुस्त्यांना मोकळं रान.

आता दुसरा आक्षेप, की भाकितं चुकतात. चुकतात ना! सत्पाल म्हणजे गुरू हनुमानांचा पठ्ठा, दिल्लीचा वाघ. १९७७ साली बेळगावात त्याच्यासमोर हरिश्चंद्र बिराजदार उभे राहिले, तेव्हा बिराजदार जिंकतील म्हणणारे किती होते? बिराजदार काही लेचेपेचे नव्हते. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण त्यांच्या नावावर. तरी जमलेल्या माणसांच्या मनात पारडं सत्पालचं जड होतं. बिराजदारांनी कुस्ती मारली. त्या कुस्तीला पन्नास वर्षं होत आली, तरी साताऱ्या-सांगलीकडे जुनी माणसं एकत्र बसली की ती निघतेच. कारण लोकांचा अंदाज सपशेल खोटा ठरला. अंदाज बांधलाच नसता तर बेळगावची ती कुस्ती निकालाच्या यादीतली एक ओळ होऊन राहिली असती.

नोव्हेंबर २०२३ ची फुलगावची कुस्ती घ्या. सिकंदर शेख विरुद्ध शिवराज राक्षे. राक्षे आदल्या खेपेचा महाराष्ट्र केसरी, सिकंदर गंगावेशीचा, लोकांचा लाडका. मेढ्यात आठवडाभर दोन तट होते. एक म्हणे राक्षे गादीवरचा, सहा मिनिटं पुरवून लढेल, सिकंदरला गुणांवर दमवेल. दुसरा म्हणे सिकंदर सहा मिनिटं जाऊच देणार नाही. दोन्ही बाजूंना आधार होता. झालं असं, की अर्ध्या मिनिटाच्या आत सिकंदरने झोळी डावावर राक्षेला चीत केलं. दुसरा तट बरोबर ठरला, पण त्यांच्यातही झोळीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मग महिनाभर त्यावर. झोळी बसली कशी, राक्षेची मान खाली कुठे गेली, पहिल्याच झटापटीत तो एवढा आत का शिरला. ज्या पोरांनी तालमीचं तोंड पाहिलं नव्हतं ती झोळी म्हणजे काय ते विचारायला लागली. एक डाव गावभर समजावून सांगायचं काम कुठल्या परिषदेने केलं होतं आजवर?

डावपेचांची चर्चा तर त्याहून मोलाची. ९ एप्रिल २०२२ ला साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला ५-४ ने हरवलं आणि कोल्हापूरला दोन दशकांनी गदा मिळाली. बनकर आधी पुढे होता. मेढा साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. परतीच्या गाडीत वादाचा विषय एकच होता. गुणांवर पुढे असलेल्या पैलवानाने कुस्ती धरावी की मारत राहावी? मातीत वाढलेल्या माणसाचा कौल धरण्याकडे, कारण मातीत वेळ तुमचा असतो. गादीवर तो नसतो. नुसता बचाव करत राहिलात तर पंच ताकीद देतात, मग तीस सेकंद लावतात, आणि त्यात गुण काढता आला नाही तर समोरच्याला एक गुण फुकट जातो. वर्तुळाबाहेर पाय पडला की आणखी एक. म्हणजे आघाडी जितकी लहान तितका बचाव महाग. ५-४ ची कुस्ती ही अशा एकेका गुणाची कुस्ती असते. हे सगळं त्या गाडीत एक दूधवाला आणि एक निवृत्त माथाडी कामगार एकमेकांना समजावत होते. दोघांनीही लंगोट बांधलेला नाही.

‘न खेळलेल्याने बोलू नये’ हा नियम लावायचाच असेल तर सगळ्यांना लावा. गदा देणारे मंत्री कुठल्या तालमीत घुमले होते? स्पर्धेच्या कमिटीत बसलेले कारखानदार? महाराष्ट्राच्या कुस्तीतला सर्वांत मोठा मानकरी आमच्याच जिल्ह्यातला, कराडजवळच्या गोळेश्वरचा. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण हेलसिंकीला ते जाणारच नव्हते. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे ठेवण्यात आलं. खाशाबांनी तो निकाल गपगुमान गिळला नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी लागली, आणि तिथे त्यांनी प्रतिस्पर्ध्याला आडवं केलं. तिकिटाच्या पैशांसाठी गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. प्राचार्य खर्डेकर हौद्यात उतरले नव्हते. गोळेश्वरच्या ज्या माणसांनी खिशात हात घातला त्यांतले बहुतेक शेतकरी होते. हा माणूस पदक आणणार, असं त्यांचं भाकीत होतं आणि त्यावर त्यांनी पदरचे पैसे लावले. ‘पंचांचा निकाल शिरसावंद्य, प्रेक्षकांनी बोलू नये’ हे तत्त्व तेव्हा पाळलं असतं तर ते पदक आलं नसतं.

तेढीचा आरोप मात्र सावकाश तपासायला हवा, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाडने सिकंदरला बाहेरची टांग मारली आणि चार गुण मिळवले. ते चार होते की दोन, यावर राज्यभर रण माजलं. पंचाला फोनवर धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. ज्याने ती दिली त्याच्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही. त्याला शौकीन म्हणणं हा शौकिनांचा अपमान आहे. पण वाद मुळात होता कशाचा? उभ्या पैलवानाची पाठ थेट धोक्याच्या कोनात नेली तर चार गुण, नुसतं खाली आणून ताबा घेतला तर दोन. सिकंदरची पाठ त्या क्षणी कुठल्या कोनात होती, एवढाच प्रश्न. डोळ्यांनी बघून ठरवायचा प्रश्न, आणि बघायला हजारो डोळे होते. त्यांना ही दोन वाक्यं त्याच रात्री भोंग्यावरून सांगितली असती, पडद्यावर ती टांग दोनदा सावकाश दाखवली असती, तर निम्मा राग जागीच विरला असता. त्याऐवजी आम्हाला ऐकवलं गेलं की पंचांवर विश्वास ठेवा.

अहिल्यानगरलाही तेच. राक्षेची पाठ पूर्ण टेकली नव्हती, व्हिडिओ बघा, अशी मागणी झाली. आता आंतरराष्ट्रीय नियम असा, की चीतपटीवर चॅलेंज घेता येत नाही; ती देण्याआधीच आखाड्यातल्या पंचाला मॅट चेअरमनची संमती लागते. नियम योग्य की अयोग्य हा निराळा विषय. पण तिथे बसलेल्या किती जणांना तो माहीत होता? मी मेढ्यात विचारून पाहिलं, एकालाही नव्हता. गेली कित्येक वर्षं गुणांची कुस्ती चालू आहे आणि नियमांचं साधं मराठी पत्रक मैदानावर कुणी वाटलेलं मी पाहिलेलं नाही. प्रेक्षकाला अज्ञानात ठेवायचं आणि मग अज्ञानी म्हणून झोडपायचं, ही कुठली रीत?

आणि तेढीबद्दल आम्हाला कोण शिकवतंय तेही बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला, आणि त्याच महिन्यात धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून शिवराज राक्षेही महाराष्ट्र केसरी झाला. एका महिन्यात दोन गदा, दोन केसरी. २०२५ मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला मोहोळ आणि मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. ही फाळणी टपरीवरून झाली नाही. संघटना दोन झाल्या, त्यांच्यामागचे पुढारी दोन झाले, आणि १९६१ पासून चालत आलेला किताब वाटून घेतला गेला. आम्ही फार तर ‘खरा केसरी कोण’ यावर भांडतो. तो प्रश्न तयार कुणी केला?

टीकाकारांना एक मुद्दा मी देतो. जिथे आमची माहिती तोकडी असते तिथे आमचं भाकीत घसरून नुसत्या गावाभिमानावर येतं. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. त्याआधी आमच्याकडे जी चर्चा झाली ती सांगायची सोय नाही. कुणाला दोघींचा डाव माहीत नव्हता, कुणी मागची कुस्ती पाहिली नव्हती. म्हणून सांगलीची ती सांगलीची, एवढ्यावर गाडी थांबली. यात्रेच्या फडात मुलींच्या जोडी दुपारी चारच्या उन्हात, माणसं जमायच्या आत, उरकून घेतल्या जातात. बघायलाच मिळालं नाही तर पारख यायची कुठून? उपाय म्हणाल तर त्या जोडी संध्याकाळी लावा. आमची तोंडं बंद करून त्या मुलींचं काय भलं होणार?

जाता जाता पोरांविषयी. आमच्या टपरीवर हल्ली निम्मी पोरं एमएमएच्या लढती बघतात आणि त्यावरही हीच भांडणं. म्हाताऱ्यांना ती निव्वळ मारामारी वाटते. पण एकदा कुणीतरी खबीब नुरमागोमेदोवची ऑक्टोबर २०१८ ची मॅकग्रेगरबरोबरची लढत लावली. खबीबने त्याला खाली आणून पायात पाय अडकवला आणि वर वजन टाकून बसला, तेव्हा एक जुने पैलवान पुढे सरसावले आणि म्हणाले, आता हा उठत नाही, सवारी बसली. चौथ्या फेरीत मॅकग्रेगरने हार मानली. मग पोरांनी त्यांना भरत खंदारेविषयी सांगितलं. कुस्तीतून गेलेला आपला गडी, नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला आणि पहिल्याच फेरीत मानेला विळखा बसून हरला. कुस्तीत पट काढताना मान समोरच्याच्या काखेत राहिली तरी फार तर गुण जातो. तिथे श्वास कोंडतो. म्हणजे आपल्या पैलवानाने तिकडे जायचं तर पटातली मान कुठे ठेवायची हे नव्याने शिकावं लागणार, यावर त्या पैलवानबाबांचं नि पोरांचं एकमत झालं. सत्तरीचा माणूस आणि विशीची पोरं एका डावावर तासभर बोलत बसली, आणि हे म्हणे कुस्तीचं वाटोळं.

पैशांच्या पैजा ही वेगळी कीड. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, बरं केलं. आमच्या टपरीवर हरलेला चहा पाजतो.

आता यात्रा-जत्रांचा हंगाम येईल. मेढा, कुडाळ, करहर, केळघर, जिथे जिथे फड भरणार आहे तिथल्या कमिटीच्या मंडळींना माझी विनंती आहे. कुस्तीच्या पत्रकावर पुढाऱ्यांचे फोटो थोडे कमी करा आणि मोठ्या इनामाच्या जोडींखाली दोघांचं वजन, तालीम आणि मागच्या दोन-तीन कुस्त्यांचे निकाल छापा. गुण कशाला किती, हे मराठीत लिहिलेला एक फलक हौद्याजवळ लावा. निवेदकाला सांगा, वादाचा निकाल लागला की कारण दोन वाक्यांत सांग. मुलींच्या जोडी उन्हं उतरल्यावर लावा. एवढं करा, आणि त्यानंतर आमच्यातला कुणी पंचाच्या अंगावर गेला तर त्याला खुशाल मैदानाबाहेर काढा. धरून द्यायला आम्हीच पुढे येऊ.